बालखेळाडूंची गटवारी

बालखेळाडूंची गटवारी म्हणजे खेळ शिकणाऱ्या किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलामुलींना त्यांचे वय, वजन, शारीरिक वाढ आणि आत्मसात केलेले कौशल्य पाहून योग्य संघात किंवा गटात घालण्याची पद्धत होय. जिम्नॅस्टिक्स, चिअरलीडिंग, मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, दहीहंडी यांसारख्या ज्या प्रकारांत एका खेळाडूचा भार, तोल किंवा पकड दुसऱ्याच्या शरीरावर येते, त्यांत गटवारीचा संबंध थेट सुरक्षिततेशी असतो. महाराष्ट्रात आखाड्यातील 'जोड लावणे' हा गटवारीचा जुना प्रकार आहे, तर शालेय क्रीडास्पर्धांतील वयोगट हा तिचा आजचा सर्वांत व्यापक प्रकार आहे. खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत हे दोन्ही प्रकार एकाच वेळी प्रचलित आहेत.

स्वरूप

गटवारीचे निकष साधारणपणे चार असतात. पहिला वय, दुसरा वजन, तिसरा शारीरिक वाढ आणि चौथा कौशल्य. वय कागदावरून ठरते आणि वजन काट्यावर दिसते, त्यामुळे हे दोन निकष स्पर्धेच्या नियमांत लिहिणे सोपे असते. शारीरिक वाढ व कौशल्य यांचा अंदाज मात्र पाहणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून राहतो. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या संस्था बहुधा वय व वजन यांवर गट पाडतात आणि कौशल्याचा निर्णय शाळेच्या क्रीडाशिक्षकावर किंवा प्रशिक्षकावर सोपवतात.

एकाच वयाच्या मुलांत या चारही बाबींचा मेळ असतोच असे नाही. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, तर मुलांचा चौदाव्या वर्षाच्या आसपास. हा काळ प्रत्येकाच्या बाबतीत दोनतीन वर्षे मागेपुढे होऊ शकतो. त्यामुळे चौदा वर्षांखालील संघात मिसरूड फुटू लागलेला मुलगा आणि अजून बालवयातच असलेला मुलगा शेजारी शेजारी उभे असलेले दिसतात. वाढीच्या काळात हातापायांची लांबी आधी वाढते आणि स्नायूंचे बळ नंतर येते. यामुळे आधी सहज जमणारी उडी किंवा कोलांटी काही महिने बिघडू शकते. हे लक्षात न घेता गट ठरवला, तर तात्पुरती अडचण कायमची अक्षमता समजली जाण्याचा धोका असतो.

चिअरलीडिंगमधील पातळ्या

कौशल्यावर आधारलेल्या गटवारीचे सर्वांत तपशीलवार उदाहरण चिअरलीडिंग या खेळात आढळते. भारतात हा शब्द २००८ साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगमुळे सर्वसामान्यांना परिचित झाला. तथापि मैदानाच्या कडेला होणारे ते नृत्य आणि स्पर्धात्मक चिअरलीडिंग या भिन्न गोष्टी आहेत. स्पर्धात्मक प्रकारात कोलांट्या, उड्या, मानवी मनोरे आणि एकमेकांना हवेत फेकून झेलणे यांचा समावेश असतो. आंतरराष्ट्रीय चिअर युनियन ही संघटना २००४ मध्ये स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला २०१६ मध्ये तात्पुरती व २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली.

अमेरिकेत २००३ मध्ये स्थापन झालेल्या ऑल स्टार महासंघाच्या पद्धतीत संघांची विभागणी वयोगटांबरोबरच सात पातळ्यांत केली जाते. पहिल्या पातळीवर साध्या कोलांट्या व कार्टव्हील, दुसरीवर हातांवरून उलटणारी हॅन्डस्प्रिंग, तिसरीवर धावत येऊन हवेत मारलेली मागची कोलांटी असे टप्पे चढत जातात. वरच्या पातळ्यांवर हवेत अंगाला पीळ देण्याची कौशल्ये येतात. मनोऱ्यांची उंची, उचलण्याची रीत आणि झेलणाऱ्यांची संख्या यांनाही पातळीनुसार मर्यादा असतात. आपल्या पातळीच्या वरचे कौशल्य स्पर्धेत दाखवल्यास गुण कापले जातात.

या पद्धतीत संघाची पातळी त्यातील सर्वांत तरबेज खेळाडूवरून ठरवली जात नाही. बहुतेक खेळाडू जे कौशल्य सफाईने करू शकतात, तीच संघाची पातळी मानली जाते. कारण एखादी हालचाल किती खेळाडूंनी एकाच वेळी अचूक केली यावर गुण अवलंबून असतात. वर चढणारा 'फ्लायर', खाली आधार देणारे 'बेस' आणि पडणाऱ्याला सावरणारा 'स्पॉटर' यांपैकी कोणी एक जरी कच्चा असला, तरी इजा दुसऱ्यालाच होऊ शकते. त्यामुळे कोलांट्यांत पुढे असलेली मुलगी मनोऱ्याच्या सरावासाठी खालच्या पातळीच्या संघात ठेवली जाणे या खेळात कमीपणाचे समजले जात नाही.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

आखाडा आणि जोड

ग्रामीण महाराष्ट्रात यात्रा, उरूस व सणांच्या निमित्ताने कुस्त्यांच्या दंगली भरतात. खानदेशातही ही प्रथा रूढ आहे. दंगलीत मोठ्या मल्लांच्या कुस्त्या आधी नेमलेल्या असतात, परंतु लहान मुलांच्या कुस्त्या बहुधा आखाड्यातच ठरतात. लढू इच्छिणारा मुलगा लंगोट लावून मातीत उतरतो आणि हात वर करून फेरी मारतो. त्याच्या तोडीचा दुसरा मुलगा पुढे आला, की पंच दोघांना शेजारी उभे करून उंची, खांदे व मांड्या न्याहाळतात, कोण कोणत्या तालमीतला आणि किती दिवसांचा हे विचारतात आणि मगच हातात हात देतात. जोड विषम वाटली, तर प्रेक्षकांतूनच आक्षेप येतो आणि पंच ती मोडतात. लहानांच्या कुस्त्या रेवड्या, नारळ किंवा किरकोळ रकमेवर लागतात. पुढे इनामाची रक्कम जोडीच्या तयारीनुसार वाढत जाते.

या पद्धतीत ना जन्मदाखला लागतो ना वजनकाटा. तरीही वय, वजन, वाढ व कौशल्य या चारही निकषांचा विचार एकाच नजरेत होतो. वस्तादाचा शब्द, दोन्ही मल्लांची संमती आणि गावासमोर होणारा निवाडा हे तिचे बळ आहे. पंचांच्या मर्जीवर अवलंबून असणे आणि मुलींना तिच्यात फार काळ स्थान नसणे या तिच्या उणिवा आहेत.

मल्लखांब व मनोरे

बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख आढळतो. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी या व्यायामप्रकाराचे पुनरुज्जीवन केले. मल्लखांबाचे शिक्षण क्रमवार असते. उड्या, अढ्या, तेढ्या, आसने, फिरक्या असे प्रकार शिकताना आधीचा प्रकार अंगवळणी पडल्याखेरीज वस्ताद पुढचा शिकवत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांबाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये मुंबईत झाली.

महाराष्ट्रातील शाळांत स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिनी लेझीम, कवायत आणि मानवी मनोरे यांची प्रात्यक्षिके होतात. मनोऱ्यात थोराड मुले खाली, मध्यम बांध्याची मध्ये आणि सर्वांत हलके मूल वर अशी रचना असते. ही गटवारी केवळ वजनावर केलेली असते. वर जाणाऱ्या मुलाला उंचीची भीती आहे का, उतरताना तो कोणत्या क्रमाने उतरणार, खालच्या मुलांनी ही रचना किती वेळा केली आहे, या बाबी तिच्यात सुटून जाऊ शकतात.

दहीहंडी

गोविंदा पथकांच्या थरांत सर्वांत वर लहान मूल चढवण्याची प्रथा न्यायालयीन विषय ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागावर बंदी घातली आणि थरांची उंची वीस फुटांपर्यंत मर्यादित केली. हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, असे राज्य शासनाने सांगितल्यावर उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढून टाकली. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. या प्रकरणात निकष म्हणून वय स्वीकारले गेले. चौदा वर्षे पूर्ण केलेला परंतु सराव नसलेला मुलगा वरच्या थरावर चढण्यास पात्र आहे की नाही, हे ठरवणे पथकाकडेच राहिले.

शालेय स्पर्धांतील वयोगट

भारतीय शालेय खेळ महासंघाच्या स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात आणि महाराष्ट्रातील शालेय स्पर्धाही याच गटांनुसार भरतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय असे त्यांचे टप्पे आहेत. वय मोजण्यासाठी १ जानेवारी ही तारीख धरली जाते. उदाहरणार्थ, २०२४-२५ या वर्षी १४ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले विद्यार्थी पात्र होते.

अशा रेषेचा एक परिणाम असा होतो, की जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असूनही दोघे एकाच जन्मवर्षात मोजले जातात. निवड चाचणीत मोठे मूल उजवे ठरते, त्याला अधिक सराव व सामने मिळतात आणि पुढील वर्षी ते खरोखरच उजवे झालेले असते. कॅनडातील बर्फावरील हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. क्रीडाशास्त्रात ती 'सापेक्ष वय परिणाम' म्हणून ओळखली जाते. तिच्यावर उपाय म्हणून काही देशांतील फुटबॉल अकादमींमध्ये काही सामन्यांपुरती मुलांची विभागणी जन्मतारखेऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार केली जाते.

कबड्डीत वयाला वजनाची जोड आहे. भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या नियमांत कुमार गटासाठी २० वर्षे वयाची व मुलांसाठी ७० किलो, मुलींसाठी ६५ किलो वजनाची मर्यादा आहे. किशोर गटासाठी १६ वर्षे व ५५ किलो अशी मर्यादा आहे. ही वजने कमाल आहेत, किमान नाहीत. त्यामुळे ५४ किलोचा व ३८ किलोचा असे दोन किशोर एकाच मैदानात समोरासमोर येऊ शकतात. कुस्तीत मात्र वजनगट जवळजवळ असल्याने असा फरक राहत नाही. बुद्धिबळात कौशल्य मानांकनाच्या आकड्यात मोजता येते, म्हणून तेथे वयोगटांबरोबर मानांकनानुसार गट पाडून स्पर्धा घेणे शक्य होते. खो-खो व कबड्डी यांसारख्या सांघिक मैदानी खेळांत एकेका खेळाडूचे कौशल्य सांगणारा असा आकडा नाही.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील स्थिती

पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, तर पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. शालेय स्पर्धांच्या रचनेत दोन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. २००३ मध्ये दोन्ही शहरांत महानगरपालिका स्थापन झाल्या. महानगरपालिका क्षेत्राचा संघ जिल्ह्याच्या ग्रामीण भागापासून वेगळा खेळतो, त्यामुळे शहरातील सुसज्ज शाळांशी ग्रामीण शाळांची गाठ विभागीय पातळीवर पडते.

तालुक्यांच्या संख्येतील फरक गटवारीवर परिणाम करतो. जळगाव जिल्ह्यात जिल्हास्तरावर पोहोचणाऱ्या संघांची संख्या मोठी असते. धुळे जिल्ह्यात धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडा एवढेच तालुके असल्याने विभागीय स्पर्धेपर्यंतचा मार्ग आखूड असतो. एकाच वयोगटातील, एकाच टप्प्यावर पोहोचलेल्या दोन संघांनी खेळलेले सामने व मिळवलेला अनुभव यामुळे सारखा असेलच असे नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांत तसेच साक्री तालुक्यात आदिवासी वस्ती आहे. तेथील आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या यावल व धुळे येथील प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या स्वतंत्र क्रीडास्पर्धाही होतात. निवासी शाळा असल्यामुळे तेथे वेगवेगळ्या इयत्तांतील मुले रोज एकत्र सराव करतात. लहान वयाची मुले मोठ्यांबरोबर खेळून लवकर तयार होतात, पण अंगावर घेण्याच्या खेळांत त्यांना दुखापतीचा धोकाही अधिक असतो. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. अशा वेळी गावातील शाळांतून वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला संघ वर्षाच्या मध्यातच विस्कटतो.

हवामान हाही येथील एक घटक आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवरची मैदाने पावसात चिकट होतात, त्यामुळे निवड चाचण्या पुढे ढकलल्या जातात किंवा एकाच सकाळी उरकाव्या लागतात. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने सुटीतील शिबिरे पहाटे किंवा सायंकाळीच घेता येतात. मुलांना निवांतपणे पारखण्याचा काळ त्यामुळे आखूड होतो.

चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी येथील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी हा किताब जिंकला. त्यांच्या यशामुळे खानदेशातील कुस्तीकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. आज येथील कुस्ती शिकणारे मूल दोन्ही प्रकारच्या गटवारीतून जाते. शालेय स्पर्धेत ते वयोगट व वजनगटानुसार गादीवर लढते, तर गावच्या दंगलीत पंचांनी नजरेने लावलेल्या जोडीनुसार मातीत लढते.

निवड चाचणीची पद्धत

शाळा किंवा क्रीडा मंडळ संघ ठरवताना साधारणपणे निवड चाचणी घेते. कौशल्यानुसार गट पाडायचे असल्यास चाचणीत पुढील बाबी पाहिल्या जातात.

सातत्य: एखादे कौशल्य एकदा जमणे आणि ते आत्मसात असणे यांत फरक केला जातो. लागोपाठच्या प्रयत्नांत व दमल्यावरही तेच कौशल्य नीट करता येत असेल, तर ते आत्मसात झाले असे मानतात.

भूमिका: मनोऱ्यात आधार देणारा व वर चढणारा, कबड्डीत चढाईपटू व कोपरारक्षक, खो-खोत पाठलाग करणारा व बचाव करणारा यांची पारख निरनिराळ्या कसोट्यांवर होते.

शरीर: उंची, वजन, जुन्या दुखापती आणि अलीकडील वाढ यांची नोंद घेतली जाते. गुडघा किंवा टाच वारंवार दुखणे हे वाढीच्या काळातील ताणाचे लक्षण असू शकते.

मनाची तयारी: भीती वाटत असल्यास ती सांगण्याची मुभा मुलाला असणे हा सुरक्षिततेचाच भाग मानला जातो.

फेरविचार: वर्षातून एकदाच झालेली निवड अंतिम न मानता काही महिन्यांनी गट बदलण्याची सोय ठेवली जाते.

मूल खालच्या गटात गेल्यास निर्णयाचे कारण व पुढच्या गटात जाण्यासाठी काय जमले पाहिजे, हे त्याला व पालकांना स्पष्ट सांगणे हा चाचणीचा शेवटचा टप्पा समजला जातो. कारण न कळल्यास मुले स्वतःला नापास समजून खेळ सोडण्याची शक्यता असते. याउलट कुवतीपेक्षा वरच्या गटात घातलेले मूल राखीव खेळाडू म्हणून बसून राहते आणि सामन्यांच्या अनुभवाला मुकते.

अडचणी व वाद

जन्मतारीख

ग्रामीण महाराष्ट्रातील अनेकांच्या शालेय दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत दाखल करताना गुरुजींनी शैक्षणिक वर्षाच्या आरंभाशी जुळणारी ही तारीख लिहिण्याची प्रथा होती. जन्मनोंदणी वाढल्यावर ती मागे पडली. मात्र ज्या मुलाची तारीख अंदाजाने लिहिली गेली, त्याचा वयोगटही अंदाजानेच ठरतो, आणि यात मुलाचा वा पालकांचा दोष असतोच असे नाही.

जाणूनबुजून वय चोरण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. केंद्र शासनाने २०१० मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता जाहीर केली. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांची वाढ पाहून वयाचा अंदाज बांधण्याची पद्धत क्रिकेटसह काही खेळांत वापरली जाते. ही पद्धत हाडांची परिपक्वता सांगते. लवकर वाढलेले मूल तिच्यात खऱ्या वयापेक्षा मोठे ठरू शकते, म्हणून तिच्या एकट्या निष्कर्षावर आक्षेपही घेतले जातात.

गुण व आरक्षण

महाराष्ट्रात दहावी व बारावीच्या परीक्षांत खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे कोणत्या वयोगटातून व कोणत्या स्तरापर्यंत खेळलो, याला मैदानाबाहेरही किंमत आली. मुलाला त्याच्या कुवतीच्या गटात ठेवण्यापेक्षा प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता अधिक असलेल्या खेळात किंवा संघात घालण्याकडे कल वाढतो, अशी टीका या व्यवस्थेवर होते.

वजन उतरवणे

वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेआधी उपाशी राहणे, पाणी कमी पिणे किंवा घाम काढणे हे प्रकार कुस्ती व कबड्डीत आढळतात. वाढत्या वयातील मुलांसाठी ते अपायकारक असल्याचे क्रीडावैद्यकाचे मत आहे. खानदेशासारख्या उष्ण प्रदेशात शरीरातील पाणी घटण्याचा धोका अधिक असतो.

लहान शाळा व मुलींचे संघ

कबड्डीत एका वेळी सात व खो-खोत नऊ खेळाडू मैदानात असतात. पटसंख्या कमी असलेल्या शाळेत एका वयोगटात राखीव खेळाडूंसह संघ उभा करणेच कठीण जाते, मग कौशल्यानुसार दोन संघ करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मुलींच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते. सायंकाळच्या सरावानंतर घरी परतण्याची सोय, महिला क्रीडाशिक्षकांची कमतरता आणि मोठ्या वर्गांत गेल्यावर खेळ बंद होणे यांमुळे १७ व १९ वर्षांखालील गटांत पुष्कळदा उपलब्ध असतील तेवढ्याच मुलींचा संघ होतो. अशा संघात नवख्या व अनुभवी मुली एकत्र येतात आणि गटवारीचे काम संघाच्या आत, सरावाच्या वेळी करावे लागते. जोडीदार बदलत ठेवणे, मनोऱ्याची उंची सर्वांत नवख्या मुलीच्या तयारीवरून ठरवणे आणि मोठ्यांनी लहानांना शिकवणे हे उपाय त्यासाठी योजले जातात.

हेही पहा

मल्लखांब
कुस्ती
कबड्डी
खो-खो
दहीहंडी
महाराष्ट्र केसरी
खानदेश